एक हजार नऊ तुकडे

आमच्या राबोडीच्या घरात बैठकीच्या खोलीतून मोरीकडे जाताना एक अरुंद बोळ लागतो. तिथे, लाइटच्या मीटरशेजारी, लाकडाची एक तसवीर टांगलेली आहे. तीस इंच लांब, वीस इंच उंच. येणारे-जाणारे आधी तिला पेंटिंग समजतात. मग कुणीतरी जवळ जातो, बोट फिरवतो आणि विचारतो, "रंग कुठला मारलाय?"

रंग एक थेंबही नाही. जे दिसतं ते सगळं लाकूडच आहे. पिवळा आहे तो फणस, काळपट आहे ती शिसव, मातीसारखं दिसतं ते सागवान आणि पोरांचे पांढरे कपडे आहेत ते शिवणीचे. पातळ पातळ तुकडे कापून, एकमेकांत बसवून, खाली प्लायवर चिकटवलेले. माझ्या मामूंनी ही तसवीर केली. २०१६ च्या फेब्रुवारीत हात घातला आणि त्या वर्षीच्या बकरी ईदच्या आदल्या रात्री शेवटचा पॉलिशचा हात फिरवला.

तसवीर एका क्रिकेट सामन्याची आहे. कल्याणकरांना तारीख सांगावी लागणार नाही. ४ आणि ५ जानेवारी २०१६. वायलेनगरच्या युनियन क्रिकेट अकॅडमीच्या मैदानावर भंडारी चषकाचा सोळा वर्षांखालच्या शाळकरी मुलांचा सामना होता. के. सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. त्यात प्रणव धनावडे नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. एका डावात हजार धावा करणारा नोंदलेल्या क्रिकेटमधला तो पहिला फलंदाज. त्याआधीचा विक्रम इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा होता. १८९९ साली क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर तेरा वर्षांच्या त्या पोराने नाबाद ६२८ केल्या होत्या. एकशे सोळा वर्षं तो आकडा कुणी हलवला नव्हता. कल्याणच्या पोराने पहिल्याच दिवशी तो मागे टाकला. संध्याकाळी तो ६५२ वर नाबाद होता.

प्रणवचे वडील रिक्षा चालवायचे. त्यामुळे ही बातमी सगळ्यात आधी पसरली ती रिक्षा स्टँडवर. मामूंना ती तिथेच कळली. ते दूधनाक्याला राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा अर्धा टाकून ते वायलेनगरला गेले आणि गर्दीत सीमारेषेबाहेर उभे राहिले. दुपारी त्यांनी मला फोन केला. आवाज असा होता की मला वाटलं घरात काही झालं.

"बेटा, हजार झाले!"

मी ऑफिसात होतो. मी म्हणालो, "मामू, समोरची टीम बघा ना. लहान लहान पोरं आहेत. आणि मैदान केवढं? एका बाजूची बाउंड्री म्हणजे आपली गल्ली."

मी काही चुकीचं बोललो नव्हतो. तेव्हा पेपरांनीही हेच लिहिलं. एका बाजूची सीमारेषा फार जवळ होती आणि समोरचा संघ खरंच कच्चा होता. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला, दुसरा ५२ मध्ये. मधल्या वेळात के. सी. गांधीने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. यातलं तोवर जेवढं कळलं होतं तेवढं मी मामूंना फोनवर ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, "हो. मी इथेच उभा आहे. मला दिसतायत ती पोरं."

फोन ठेवला. त्यांना काय दिसत होतं, हे कळायला मला आठ महिने लागले.

मामू पेशाने सुतार. उमेदीत त्यांनी एका म्हैसुरी उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. म्हैसूरमध्ये शिसवीवर रंगीबेरंगी लाकडाचं जडावकाम चालतं. तिथल्या मंडी मोहल्ल्यात मुस्लिम कारागिरांची घरंच्या घरं या कामात होती. म्हैसूरच्या राजवाड्याच्या दारांवर हे काम बघायला मिळतं. आपल्या मुंबईचाही या कलेशी जुना नातेसंबंध आहे. लाकूड, हस्तिदंत, धातू यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवायच्या आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी निघते. इराणच्या शिराझमधली ही रीत सिंध आणि सुरतमार्गे मुंबईला आली. एकोणिसाव्या शतकात अशा नक्षीच्या चंदनी पेट्या 'बॉम्बे बॉक्स' या नावाने विलायतेला जात.

मामूंच्या हातात मात्र ही कला फार काळ टिकली नाही. पोटासाठी कपाटं, दिवाण, सोफ्यांच्या फ्रेमा. मग सनमायका आला, मग मशीनवर कापलेल्या जाळ्या आल्या. चाळीस वर्षांत त्यांनी जडावकाम केलं ते एखाद्या रिहलवर किंवा कुणाच्या पोरीच्या जहेजातल्या पेटीवर. ती कमानीची बारीक करवत मुमानीने पिठाच्या डब्यात तेल लावून जपून ठेवली होती. २०१६ मध्ये ती बाहेर आली.

लाकूड विकत आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शिसव आली एका मोडक्या पलंगाच्या पायातून. सागवान पाडलेल्या घराच्या चौकटीचं. फणस आमच्या नानीच्या पाटाचा. सगळ्यात अडचण हिरव्याची होती. हिरवं लाकूड सहजासहजी मिळत नाही. बाजारात रंगवलेलं मिळतं, पण ते त्यांना चालणार नव्हतं. एका रविवारी मी गेलो तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले होते. मग स्वतःच हसले. "अरे, जानेवारीत आपल्याकडचं मैदान हिरवं असतं कुठे?" त्यांनी सागवानाची फळी उचलली. तिच्या रेषा खरंच रोलर फिरवलेल्या मातीसारख्या दिसत होत्या.

सावल्यांसाठी त्यांनी मुमानीची कढई घेतली. तिच्यात वाळू तापवायची, फुटाणेवाला तापवतो तशी, आणि तुकड्याची फक्त एक कड चिमट्याने त्यात धरायची. कड हळूहळू करपते आणि आत आत फिकट होत जाते. दोन सेकंद जास्त झाले की तुकडा गेला. मुमानी म्हणायची, "माझी कढई गेली ती गेली, घरात रोज कुणीतरी मैदान भाजतंय!"

आणि मग चेहऱ्यांचा प्रश्न आला.

आमच्याकडे सजीवाची तसवीर भिंतीवर लावत नाहीत. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. उलेमांमध्ये यावर मतं वेगवेगळी आहेत. फोटो वेगळा, हाताने काढलेलं चित्र वेगळं, अशीही एक चर्चा आहे. पासपोर्ट, आधार आणि मोबाइल आल्यापासून चेहऱ्यापासून सुटका कुणाचीच नाही. लग्नाच्या व्हिडिओत सगळे पुढे पुढे करतात. पण मामू जुन्या वळणाचे. चेहरा कोरणं त्यांच्या हाताला जमलं असतं, मनाला जमलं नसतं. जुम्याच्या नमाजनंतर त्यांच्या एका दोस्ताने विचारलंच, "काय चाललंय, इन्सान बनवताय म्हणे?" मामूंनी उत्तर दिलं नाही. घरी येऊन आधी काढलेला नकाशा त्यांनी फाडून टाकला.

त्या पहिल्या नकाशात प्रणव होता. मोठा, मधोमध, बॅट उंचावलेला, पेपरातल्या फोटोसारखा. दुसऱ्या नकाशात मामूंनी स्वतः जिथे उभे होते तिथूनच मैदान काढलं. म्हणजे सीमारेषेबाहेरून. तिथून काय दिसतं? तिथून दिसतात क्षेत्ररक्षकांच्या पाठी. कारण सगळे फलंदाजाकडे बघत असतात. जवळची पोरं मोठी, पाठमोरी. पुढची लहान. आणि दूर खेळपट्टीवर फलंदाज बोटाच्या पेराएवढा, त्याचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, त्यावर लाकडाची नुसती रेषा. चेहरे टाळायला म्हणून मामू मागे सरकले आणि हरणारी अकरा पोरं चित्राच्या पुढ्यात आली.

आता त्यांनी हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी उभा होतो तिथून असंच दिसत होतं."

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा भाऊसाहेब निंबाळकर आठवले. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या संघाने सामना सोडला आणि ते निघून गेले. मोठी माणसं होती, नावाजलेली होती. पण आपल्यावर कुणाचा तरी विक्रम लिहिला जाणार, हे त्यांना सोसलं नाही. निंबाळकरांच्या त्या दहा धावा आयुष्यभर राहून गेल्या.

कल्याणची पोरं मात्र गेली नाहीत. पहिल्या दिवशी साडेसहाशे धावा त्यांच्या डोक्यावरून गेल्या. रात्री ती घरी गेली असतील, जेवली असतील. आणि सकाळी पुन्हा पांढरे कपडे घालून मैदानात आली. १००९ या आकड्यात त्यांचं हे येणंही आहे. कुणी टाकलेच नसते तर त्याने मारले काय असते? फोनवर मी ज्यांना 'लहान लहान पोरं' म्हणून मोडीत काढलं होतं, ती विक्रमाला लागलेलं गालबोट नव्हती. विक्रम त्यांच्या पायांवर उभा होता.

यात प्रणवचं श्रेय कमी होत नाही. बाउंड्री जवळ असो की लांब, दोन दिवस लक्ष ढळू न देता उभं राहणं ही पंधरा वर्षांच्या मुलासाठी काय चीज आहे, हे मामूंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तेही आठ महिने एकाच फळीसमोर बसले होते.

चित्राभोवतीची किनार हा त्यांचा त्याला सलाम आहे. हिशेब त्यांनी वहीत मांडला होता. १२९ चौकार म्हणजे ५१६. ५९ षटकार म्हणजे ३५४. बेरीज ८७०. उरल्या १३९. "एवढ्या पोरगा स्वतः पळाला." चेंडू किती खेळला हेही त्यांना कुठेतरी घालायचं होतं, पण कुठे ३२३ छापलं होतं, कुठे ३२७. मग त्यांनी तो नाद सोडला. किनारीत पाच मिलिमीटरचे चौकोनी तुकडे लावायचे ठरले. चौकार-षटकारांच्या धावांना फणसाचे, पळून काढलेल्यांना शिसवीचे. किनारीला दोन ओळी. पण १००९ हा विषम आकडा, दोन ओळींत सारखा बसेना. त्यांनी मला विचारलं, "तीन केल्या तर? सात?" मी मोबाइलवर करून बघितलं आणि सांगितलं की ही मूळ संख्या आहे. कितीही ओळी करा, सारख्या बसणार नाहीत. एक तरी तुकडा गोंधळ घालणारच.

मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक आहे. एक किनारीत नको."

तो एक तुकडा म्हणजे चेंडू. पडाऊकच्या लालभडक लाकडाचा, घासून गोल केलेला. तो चित्राच्या अगदी खालच्या कडेला आहे, दोरीच्या अलीकडे, बघणाऱ्याच्या पायाशी. आणि तो उचलायला एक पोरगा वाकला आहे. जवळच्यांत तेवढा एकटाच आपल्याकडे तोंड करून आहे. पण मान खाली असल्याने टोपीच्या फडकीआड त्याचा चेहरा दिसत नाही. त्याची पँट घोट्याशी दोनदा दुमडलेली आहे.

पुढच्या वर्षी ठाण्यात एका सत्काराच्या कार्यक्रमात ही तसवीर भेट द्यावी, असं कुणीतरी सुचवलं. मामूंनी ती चादरीत गुंडाळली आणि आम्ही दोघे लोकलच्या मालडब्यातून ठाण्याला घेऊन गेलो. डोंबिवलीला चढलेल्या गर्दीत मामूंनी तिला पोटाशी धरलं होतं. आयोजकांनी चादर काढून पाहिलं. त्यातले एक साहेब म्हणाले, "काम सुंदर आहे, पण यात हीरो कुठाय?" मामूंनी बोटाने दाखवला. साहेब वाकले, चष्मा वर केला. "चेहरा पाहिजे हो चाचा. आणि खाली आमच्या मंडळाचं नाव. लेझरवर दोन दिवसांत होतं हल्ली."

मामू म्हणाले, "होत असेल." त्यांनी चादर पुन्हा बांधली. परतीच्या गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, दिव्याला गाडी सिग्नलला थांबली. तेव्हा मला म्हणाले, "तू घेऊन जा. मुमानी म्हणते, नमाजच्या खोलीत नको. आणि आमच्याकडे खोली एकच आहे."

अशी ती तसवीर माझ्याकडे आली. माझ्या बायकोने बोळ सुचवला. तिथे कुणी नमाज पढत नाही आणि रोज सगळे तिच्यासमोरून जातात.

त्याच वर्षी जूनच्या सुमारास आणखी एक बातमी आली. विक्रमानंतर मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला पाच वर्षं दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली होती. आता कामगिरी म्हणावी तशी होत नाही, तेव्हा ती थांबवावी, असं त्याच्या घरच्यांनीच संघटनेला कळवलं. नाक्यावर लोक हळहळले. काहींनी 'आम्ही म्हणत होतोच' हेही ऐकवलं. मामूंनी पेपर घडी करून ठेवला. "हक्काचं नाही वाटलं, परत केलं. हजार धावांपेक्षा अवघड आहे हे."

क्लिफ्टनमध्ये कॉलिन्सच्या नावाची पाटी आहे, ते मैदानही 'कॉलिन्सेस पीस' म्हणून ओळखलं जातं. तो मुलगा मोठा होऊन फौजेत गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. विक्रम भिंतीवर जिथल्या तिथे राहतो. ज्याचा तो असतो त्याला मात्र दुसऱ्या दिवशी उठून शून्यापासून सुरुवात करावी लागते. मला वाटतं, म्हणूनच मामूंनी त्या पोराला एवढा लहान आणि एवढा दूर ठेवला. त्याला त्याच्या आकड्याखाली चिरडलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली.

१९९१ साली मी सातवीत होतो. कल्याणातल्याच एका मैदानावर आमच्या शाळेचा सामना होता. माझी पँट मोठ्या चुलतभावाची, घोट्याशी दोनदा दुमडलेली. मला सीमारेषेवर उभं केलं होतं आणि समोरचे दोघे आम्हाला झोडपत होते. कुंपणाबाहेरची पोरं ओरडत होती, "ए, बॉल आण रे! ए, बॉलवाल्या!" मी दर ओव्हरला धावत होतो. सामना आम्ही इतका वाईट हरलो की घरी मी सांगितलं, सामना झालाच नाही. त्यानंतर मी कधी बॅटला हात लावला नाही. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही.

गेल्या रमजानमध्ये मामू इफ्तारला आले होते. वय शहात्तर, हात आता थरथरतो. मगरिबनंतर ते बोळात उभे राहून तसवीर बघत होते. मी शेजारी जाऊन विचारलं, "मामू, हा पँट दुमडलेला कोण?"

"कोण म्हणजे? त्या वयात सगळ्यांचीच पँट मोठ्या भावाची असते."

मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"त्या दिवशी कामावरून येताना मी सायकल कुंपणाला लावून उभा होतो," ते म्हणाले. "तू एकदाही चालत गेला नाहीस. प्रत्येक बॉलला धावलास."

मग लगेच कारागिराच्या आवाजात त्यांनी विषय बदलला. फणस बघ केवढा पिकलाय, म्हणाले. खरंच होतं. केला तेव्हा हळदीसारखा होता, आता चहासारखा झालाय. शिवणही पिवळी पडली आहे. पडाऊकचा लाल चेंडू तपकिरी होत चाललाय. उजेड लागला की लाकूड असंच बदलतं, त्याला इलाज नाही. आणखी वीस वर्षांनी माती, पोरं, चेंडू सगळं एकाच रंगाचं दिसेल, असं ते म्हणाले.

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

त्यांनी माझं बोट धरलं आणि तसवीरीवर टेकवलं. इतक्या पावसाळ्यांत प्रत्येक लाकूड आपापल्या चालीने फुगलं होतं, आकसलं होतं. सांधे बोटाला लागत होते. टोपी कुठे संपते, पाठ कुठे सुरू होते, पँटची घडी कुठे आहे, सगळं कळत होतं.

"असं," मामू म्हणाले, आणि चहा थंड होतोय म्हणून आत गेले.